अठ्ठ्याऐंशी वेढे

माझ्या थोरल्या बहिणीने आयुष्यभर एकच काम केलं. तार गुंडाळली. आधी गावात, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरताना, आणि पुढे शहरात, बर्फाहून कितीतरी थंड अशा कणांना नाचवायला. मधे वर्षं गेली, केस पांढरे झाले, पण हात तोच, तांबं तेच आणि मोजायची पद्धतही तीच. तिची गोष्ट सांगायला फार सामान लागत नाही. एक रीळ लागतं आणि ऐकणाऱ्याला थोडा धीर.

आमच्या वडिलांचं दुकान रस्त्याला लागून होतं. दाराशी पोट उघडून पडलेल्या मोटारी, आत वॉर्निशचा वास, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली तारेची भेंडोळी. मोटार जळून आली की तिच्या खाचांतली काळी पडलेली तार उपसायची, खाचा घासायच्या, आत कागद घालायचा आणि नवी तार मोजून भरायची. ‘मोजून’ या शब्दावर वडिलांचा सगळा भर. वेढे कमी पडले की मोटार तापते, जास्त झाले की सुस्तावते. गिऱ्हाईक ओळखीचं असतं, ते तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढतं.

वडिलांचा आकड्यांवर विश्वास नव्हता. “सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस यांच्या तोंडात फरक काय?” ते म्हणायचे. “आकडे सगळे एका वळणाचे. मधे कोणी हाक मारली की मिसळून जातात. माणसांची तोंडं मिसळत नाहीत.”

म्हणून त्यांनी आम्हाला नात्यांनी मोजायला शिकवलं. तारेचा एक थर म्हणजे एक घर. थरात जितके वेढे बसतील तितकी माणसं त्या घरातून घ्यायची. पहिला थर आमच्या घराचा. आजोबा, आजी, थोरले काका, काकू, वडील, आई, मग अक्का, मग मी. घर वाढत गेलं तशी माझी बायको आली, लेक आली, जावई आला. दुसरा थर आत्याच्या सासरचा, तिसरा मामांचा, चौथा अक्काच्या सासरचा, असं पुढे. वेढा बसवताना त्या माणसाचं तोंड डोळ्यांसमोर आणायचं, आणि तोंड दिसल्याशिवाय तार दाबायची नाही. गेलेली माणसंही या मोजणीत हजर असत. भांडण झालेलीही असत. धाकट्या मामांशी आमचं आठ वर्षं बोलणं नव्हतं, पण त्या आठ वर्षांत त्यांचा वेढा एकाही मोटारीत चुकला नाही. उलट अक्का तो जरा जास्तच ओढून बसवायची.

मला ही पद्धत कधी नीट साधली नाही. मी चुलतभावांपर्यंत पोचलो की त्यांच्या जमिनीचा विचार करायला लागतो आणि मोजणी बुडते. मी आपला कागदावर रेघा मारतो. अक्काचं तसं नव्हतं. ती तार धरून बसली की तिच्या चेहऱ्यावर सगळं गोत येऊन जायचं. आजीपाशी ती हसायची, थोरल्या काकांपाशी पाठ ताठ करायची, मोठ्या नणंदेपाशी ओठ मिटायची.

लग्नानंतरही ती दुकानात येत राहिली. मग दाजींची बदली शहरात झाली आणि तिचं बिऱ्हाड तिकडे गेलं. त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक संशोधन संस्था होती. उंच भिंत, लोखंडी फाटक, आत पिवळ्या इमारती. एकदा त्या संस्थेच्या पाण्याच्या पंपाची मोटार जळाली आणि दुरुस्तीवाला चार दिवस फिरकणार नव्हता. फाटकावरच्या पहारेकऱ्याची बायको अक्काची मैत्रीण. तिने शब्द टाकला. अक्का पिशवीत सुरी, कागद आणि तार घेऊन गेली, पंपघराच्या पायरीवर मोटार उघडून बसली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी चालू करून दिलं.

पाणी बंद म्हणून एका प्रोफेसरांची यंत्रं तापली होती. ते तणतणत खाली आले होते. मोटारीचं पोट बघून त्यांचं तणतणणं थांबलं.

“हे हाताने केलंत?”

“मग काय पायाने?” अक्का म्हणाली.

“एकही तार दुसरीवर चढलेली नाही. किती वेढे आहेत हे?”

“जितके पाहिजेत तितके.”

“कशावरून म्हणता?”

“सगळे येऊन गेले,” अक्का म्हणाली आणि झाकण लावायला लागली.

प्रोफेसरांना काही कळलं नाही, पण महिन्याभरात त्यांनी तिला बोलावून घेतलं. तळमजल्यावर तिला एक खोली मिळाली. लांब टेबल, त्यावर हाताने फिरवायचं चाक लावलेला साचा, खिडकीशी रिळांची मांडणी. दाराला ती पाटी लावायची, ‘मोजणी चालू, बोलू नये’. तिथे तिला सगळे वेढेबाई म्हणू लागले. प्रोफेसर धरून.

पहिले काही महिने आपण कशासाठी तार गुंडाळतो हे तिला ठाऊक नव्हतं. ते तिला सांगितलं एका पोरीने. ही पोर प्रोफेसरांच्या हाताखाली पदवीचं संशोधन करत होती, डोळ्यांवर जाड चष्मा, म्हणून अक्का तिला चष्मेवाली म्हणायची. पोर दुपारचा चहा घेऊन अक्काच्या खोलीत यायची आणि टेबलाच्या कोपऱ्यावर बसायची. अक्काने मला ते बोलणं इतक्या वेळा सांगितलंय, की मी शेजारी बसलो होतो असंच मला वाटतं.

“मावशी, आपण ज्याला गरम म्हणतो ना, ती खरं तर कणांची धावपळ. धावपळ थांबवली की झालं थंड.”

“आणि थांबवता कशाने?”

“उजेडाने.”

“उजेडाने तर तापतं गं.”

“समोरून धावत येणाऱ्याला टिचकी मारली तर तो थबकेल की नाही? मग परत एक टिचकी, परत एक. लेसरचा उजेड म्हणजे अशा अगणित टिचक्या. लिथियमचे अणू घेतो आम्ही. मोबाइलच्या बॅटरीत असतो ना, तो धातू. त्यांना टिचक्या मारमारून एका काचेच्या डबीत जवळजवळ थांबवतो.”

“आणि थांबले की?”

“थांबले की गंमत सुरू होते. ते गोट्यांसारखे राहतच नाहीत. पाण्यावरच्या तरंगांसारखे पसरतात. एकमेकांतून निघून जातात, धक्कासुद्धा लागत नाही.”

“ओळख न दाखवता?”

“अजिबात न दाखवता! पण बाहेरून चुंबकाचा जोर लावला आणि तो हळूहळू वाढवत नेला, की एका ठराविक आकड्याला एकदम ओळख पटते. दोघे एकमेकांना धरतात, क्षणभर तसेच राहतात, आणि सुटतात. त्या झटापटीत पुष्कळसे डबीतल्या सापळ्याबाहेर फेकले जातात. फोटो काढला की अणूंचा ढग तेवढ्या आकड्याला विरळ दिसतो. आलेखात तिथे खड्डा पडतो. त्याला आम्ही अनुनाद म्हणतो.”

अक्काने बशीतला चहा फुंकला. “आमच्या मुक्कामी गाडीत असंच व्हायचं. दोन माणसं वर्षभर शेजारी बसून जातील, शब्द बोलणार नाहीत. एखाद्याने सहज एका गावाचं नाव काढलं की, अहो, तुम्ही तिथले का? झालं. मग उतरायचा थांबा निघून गेला तरी पत्ता नाही.”

चष्मेवाली इतकी हसली की चहा तिच्या कागदांवर सांडला. “मावशी, हे मी प्रबंधात लिहू का?”

“लिही. पण गाडी वेळेवर नसायची तेही लिही.”

तर तो चुंबकाचा जोर अक्काच्या तारेतून यायचा. काचेच्या डबीच्या वर एक वेटोळं, खाली एक. दोघांतून एकाच मापाची वीज फिरली की मधल्या जागेत जोर सगळीकडे सारखा. एकाचे वेढे जास्त झाले तर जोर एका बाजूला कलणार, आणि ढगाच्या वरच्या अणूंना एक आकडा, खालच्यांना दुसरा. म्हणून दोन्ही वेटोळी जुळ्यांसारखी हवी होती. प्रत्येकात आठ थर, थरात अकरा वेढे. आठ घरं, घरटी अकरा माणसं. अठ्ठ्याऐंशी. अक्काने ती दोन महिने घेऊन बांधली आणि वरून पातळ गोंदासारखी राळ ओतून ती दगडासारखी घट्ट केली, म्हणजे वीज फिरताना तार थरथरायला नको.

ती जोडी बसवली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट, मधला काळ लेसर आणि आरसे जुळवण्यात गेला होता.

एका सोमवारी चष्मेवालीने त्या जोडीवरचा पहिला आलेख काढला आणि त्यात एका खड्ड्याच्या जागी दोन खड्डे आले. शेजारी शेजारी, मधे अगदी बारीक उंचवटा. मंगळवारी पुन्हा काढला, पुन्हा दोन. प्रोफेसरांनी वीज पुरवणारं यंत्र बदललं, तरी दोन. मग त्यांनी वेटोळ्यांकडे मोर्चा वळवला. फोटो काढणारा कॅमेरा वरून, वेटोळ्याच्या भोकातून बघायचा, त्यामुळे अणू ढगाच्या माथ्यावरून उडाले की तळातून, हे फोटोत कळायला मार्ग नव्हता. त्यांनी दोन्ही वेटोळ्यांचा विजेला होणारा विरोध मोजला. खालच्याचा किंचित जास्त भरला. जवळजवळ एका वेढ्याइतका.

ते अक्काच्या खोलीत आले. “वेढेबाई, खालच्यात एक वेढा जास्त पडलाय का?”

“नाही,” अक्का म्हणाली. “दोन वेगळ्या रिळांची तार आहे, साहेब. खालच्या रिळाची तार केसभर बारीक होती. त्याने विरोध वाढतो. वेढे तितकेच.”

“नक्की?”

“माझी मोजणी आहे ती.”

ते गेले आणि अक्का चाकाशी बसली. बसल्या बसल्या तिला तो फोन आठवला.

खालचं वेटोळं बांधायला घेतलं त्याच सकाळी माझ्या लेकीला मुलगी झाली होती. माझ्या बायकोने आनंदाच्या भरात अक्काला फोन लावला. एरवी मोजणी चालू असताना अक्का फोन उचलत नाही, तो वाजून वाजून गप्प होतो. पण पोरीचे दिवस भरले होते, म्हणून तिने उचलला. तेव्हा ती पहिला थर संपवत होती. आमच्या घराचा. जावयाचा अकरावा वेढा नुकताच बसला होता, आणि तेवढ्यात कानात बातमी आली की घरात एक माणूस वाढलं.

मग हात पुन्हा चालू लागला तेव्हा तिने बाळाचा वेढा घातला, की न घालता दुसऱ्या थरावर गेली? थराच्या कडेला नखभर जागा राहते. दाबून बसवला तर बारावा बसतो. आणि तो थर सगळ्यात आतला, वर सात थर आणि राळ. बघायचं म्हटलं तर करवत लावूनच.

तिने आमच्या घरी फोन केला. फोन माझ्या बायकोने घेतला.

“अगं, बाळ झालं त्या दिवशी मी फोनवर तुला काय म्हणाले?”

“काय म्हणाल? हसत होता तुम्ही, वन्सं.”

“ते झालं. पण काही मोजत होते का? कुणाची नावं घेत होते का?”

“मला काय ठाऊक! मी इकडे रडत होते, तुम्ही तिकडे हसत होता, मधे हे विचारत होते की माझा चष्मा कुठाय. कोण काय मोजतंय याकडे कुणाचं लक्ष?”

“आठव जरा.”

“वन्सं, झालंय काय?”

“काही नाही. तुझी नात बहुतेक प्रयोगशाळेत जाऊन बसलीय.”

बायकोने फोन ठेवला आणि मला सांगितलं, अक्काचं काहीतरी बिनसलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का स्वतः प्रोफेसरांकडे गेली आणि फोनची गोष्ट सांगितली. लपवून ठेवली असती तर कुणाला कळली नसती, पण वडिलांच्या दुकानात शिकलेलं माणूस ते. प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं. नात्यांच्या मोजणीपाशी त्यांनी दोनदा चष्मा काढला आणि पुसला.

“म्हणजे,” ते शेवटी म्हणाले, “माझ्या यंत्रात तुमच्या भावाची नात असण्याची शक्यता आहे.”

“आहे.”

“वेढेबाई, मग इलाज नाही. शनिवारी खालचं वेटोळं कापू आणि वेढे मोजू. नवी जोडी कारखान्यातून मागवतो, ते यंत्रावर गुंडाळतात. तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण सगळंच बाहेरून येणार असेल तर ही खोलीही मोकळी करावी लागेल. तुम्हाला वर भांडारात टेबल देऊ. स्क्रू-नटांची नोंद ठेवायची असते.”

स्क्रू-नटांची नोंद. अक्का मला म्हणाली, ते ऐकून माझे हात मला परक्या बाईचे वाटले. दोन महिन्यांचं काम करवतीखाली जाणार, एवढंच नव्हतं. वडिलांनी दिलेली मोजणी खोटी ठरणार होती, आणि तीसुद्धा घरच्याच बाळामुळे.

“शुक्रवारपर्यंत थांबा,” ती म्हणाली. “न कापता सांगते.”

त्या दुपारी तिने मला फोन केला. “आपल्या माळ्यावर विजेची जुनी शेगडी आहे ना, तिची तार शाबूत आहे का?”

“आहे. का?”

“घेऊन ये. उद्याच्या उद्या. आणि मोजायच्या रेघांचा तुझा कागद घरी ठेव.”

मी गेलो. तिच्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. अक्काने शेगडीची तार सरळ केली, मीटर लावला आणि तुकडा मापून तोडला. मग चष्मेवालीला आणि प्रोफेसरांना बोलावून टेबलाशी बसवलं. तिने काय सांगितलं ते मी लगेच समजलो, कारण आमच्या शेतात हेच रोज चालतं. पाटाला पाणी जास्त झालं की बाजूने एक बारीक वाट फोडायची, थोडं पाणी तिकडून काढून द्यायचं, पीक बुडत नाही.

“खालच्यात एक वेढा जास्त आहे असं धरू,” अक्का म्हणाली. “एकोणनव्वद. मग त्या वेटोळ्याच्या शेजारून ही शेगडीची तार जोडायची, हिच्यातून वीज अगदी थोडी जाते. एकोणनव्वद भागांतला एक भाग वीज या चोरवाटेने निघून जाईल. उरलेली एकोणनव्वद वेढ्यांतून फिरली तरी तिचा जोर अठ्ठ्याऐंशीचाच. वर-खाली सारखं होईल. तुमचे दोन खड्डे मिटून एक झाले, तर बाळ आत आहे. मग मीच करवत धरते. आणि मिटले नाहीत, उलट बिघडले, तर वेढे आधीच सारखे होते.”

प्रोफेसरांनी चष्मेवालीकडे बघितलं. “हे आपल्याला का सुचलं नाही?”

“आपल्याकडे शेगडी नव्हती, सर,” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे त्या मोठ्या खोलीत होतो. मी भिंतीशी, कशाला हात लावू नका अशी ताकीद घेऊन. लोखंडी टेबलावर अंगठ्याएवढे शेकडो आरसे, काळे पडदे, मधे काचेची चपटी डबी, आणि तिच्या वर-खाली आमच्या गोताची आठ घरं, राळेत बसलेली. अक्काने शेगडीची तार चिनी मातीच्या एका तुकड्यावर गुंडाळून आणली होती. ती तिने खालच्या वेटोळ्याच्या दोन टोकांना जोडली, पेचकसाने आवळली आणि हात पदराला पुसले.

एकेक ठिपका यायला अर्धं मिनिट लागायचं. अणू गोळा करायचे, थंड करायचे, चुंबकाचा जोर लावायचा, फोटो. पुन्हा नवे अणू, जोर जरासा वाढवायचा, फोटो. चोरवाटेमुळे खड्ड्यांची जागाच सरकली होती, ती हुडकण्यात तास गेला. पडद्यावर ठिपके मुंगीच्या चालीने एका रांगेत निघाले होते. अक्का खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिची बोटं मांडीवर हलत होती. कोण कोण येऊन गेलं असेल तेव्हा तिच्या डोळ्यांसमोरून, मी विचारलं नाही.

ठिपके खाली उतरायला लागले.

“पडतोय,” चष्मेवाली म्हणाली.

ते उतरले, पसरले, तळाशी रेंगाळले. उंचवटा येईना. एकच खड्डा? अक्काची बोटं थांबली.

“थांबा,” प्रोफेसर पुढे वाकले. “हा एक झालेला नाही. हा फासटलाय. आधीच्या दोघांच्या मिळून जागेपेक्षाही रुंद आहे बघा, आणि उथळ. ओल्या शाईवरून बाही गेल्यासारखा.”

“एक झाला असता तर खोल आणि अरुंद दिसला असता,” चष्मेवाली घाईने म्हणाली. “मावशी, हे बिघडलंय. चांगलंच बिघडलंय!”

बिघडण्याचा एवढा आनंद मी कुणाच्याही तोंडावर पाहिला नव्हता. पण अक्का उठली नाही. “आता वरच्याला जोडा,” ती म्हणाली. “एका बाजूचं ऐकून निकाल देऊ नये.”

चोरवाट वरच्या वेटोळ्याला जोडली. पुन्हा तास गेला, पुन्हा तसाच फासटलेला खड्डा. मग तार काढून टाकली आणि तिसऱ्यांदा ठिपके सोडले. दोन खड्डे आले. स्वच्छ, उभ्या कडांचे, मधे बारीक बांध, जणू कुणी नांगराने शेजारी शेजारी दोन तासं ओढली आहेत.

“अठ्ठ्याऐंशी,” अक्का म्हणाली. “दोन्हीकडे.”

माझा जीव भांड्यात पडला. प्रोफेसर खुर्चीत मागे रेलले. “वेटोळी निर्दोष. मग दुसरा खड्डा कुणाचा?”

चष्मेवालीने वही ओढली. “सर, तुम्ही रागावणार नसाल तर. हे अणू एकमेकांना समोरासमोर भेटतच नाहीत. हात धरून गिरकी घेतात, तेव्हाच धरले जातात. हो ना? मग ती गिरकी दोन तऱ्हांची असू शकते. जोराची दिशा खालून वर. गिरकी तिच्याभोवती आडवी, जात्यासारखी, किंवा उभी, गाडीच्या चाकासारखी. दोघींचा आकडा जरा वेगळा असणार.”

“ते मला माहीत आहे. पण आपण गणित केलं होतं. त्या दोन आकड्यांमधली फट इतकी बारीक आहे की दिसणारच नाही.”

“आधीच्या वेटोळ्यांत दिसणार नाही, सर. आपण जोराची थरथर जुन्या वेटोळ्यांची धरली होती. ही वेटोळी थरथरतच नाहीत. फट होतीच, पण आत्तापर्यंत ती असल्या फासटण्यात बुजून जायची.”

मग प्रोफेसर हसले. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “म्हणजे वेढेबाईंचं काम जास्त चांगलं झालं म्हणून मी ते कापायला निघालो होतो!”

“मोटारीचं गिऱ्हाईकही असंच असतं,” अक्का म्हणाली. “कुरकूर बंद झाली की विचारतं, चालू आहे ना?”

आता त्यांना ताळा हवा होता. चष्मेवालीने लेसरची रचना बदलली आणि ढग वरून-खालून दाबला, पापडासारखा चपटा. अशा चपट्या जागेत उभ्या गिरकीला वावच नाही. त्या दिवशी तो ताळा पुरा झाला नाही, त्याला पुढे तीन आठवडे गेले. पण तो जमला तेव्हा एक खड्डा जागच्या जागी राहिला आणि दुसरा पुसून गेला. पोरीचा प्रबंध त्याच खड्ड्यावर उभा राहिला. कारखान्याची मागणी प्रोफेसरांनी शुक्रवारीच रद्द केली, आणि भांडारात स्क्रू-नटांची नोंद अजून दुसरंच कोणी ठेवतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी घरी फोन केला. बायको म्हणाली, “म्हणजे आमचं बाळ त्यात नाहीच?” मी म्हटलं, नाही, आणि ते बरंच झालं. “बरं कसलं! पहिलीच नात घरात आली आणि आत्याआजीने मोजलीसुद्धा नाही!” मी फोन अक्काकडे दिला. पुढचा अर्धा तास त्या दोघींचं त्या दोघींत चाललं होतं.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. दुपारी यंत्रं बंद करायच्या आधी अक्का प्रोफेसरांना म्हणाली, “साहेब, इतकी वर्षं बांधतेय मी यांच्यासाठी. ते आहेत तरी कसे, एकदा दाखवा.”

प्रोफेसरांनी तिला रंगीत चष्मा दिला, मग काही आरसे फिरवून म्हणाले, आता चष्म्याची गरज नाही, एवढ्या उजेडाने काही होत नाही. पडदा बाजूला केला. अक्का वाकली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. काचेच्या डबीत, अधांतरी, कशाला न टेकलेला, एक लाल ठिपका होता. मोहरीच्या दाण्याएवढा. हलत नव्हता.

“यात किती जण आहेत?”

“कोट्यवधी.”

अक्का बराच वेळ बघत राहिली. मग सरळ झाली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, “मग यांची मोजणी तुमची तुम्ही करा.”